गावाला नका सांगू, पण ताट वाढणारीला सांगा

पत्र असं आहे (थोडं संक्षिप्त केलंय):

"नमस्कार मॅडम. मी 34 वर्षांची, रावेर तालुक्यातली. घरी केळीची शेती, सासू-सासरे, दीर, आम्ही दोघं आणि सात वर्षांचा मुलगा. उंची 155 सेंटिमीटर, वजन 104 किलो. बाळंतपणानंतर वजन वाढतच गेलं. पीसीओडी आहे, तीन वर्षांपासून शुगर निघालीय, गोळ्या चालू आहेत. छातीत जळजळ होते. रात्री फार घोरते असं हे म्हणतात. डाएट, काढे, पावडरी, चालणं, सगळं करून झालं. दहा किलो उतरतात नि बारा चढतात. नाशिकच्या एका सर्जननी वजनाचं ऑपरेशन सुचवलंय. वैशाखात दिराचं लग्न आहे, तर हे म्हणतात फाल्गुनातच उरकून टाकू, लग्नापर्यंत बारीक होशील. सासूबाई म्हणतात, तोंड आवरलं असतं तर पोट कापायची वेळ आली नसती. मला वाटतं, सगळ्यांना पित्ताचे खडे होते म्हणून पित्ताशय काढलं असंच सांगावं, सासूबाईंनाही. बरोबर आहे का? नंतर जन्मभर पातळच प्यायचं असतं का? आम्हाला दुसरं मूल हवंय, ते होईल का? आणखी एक, मला मशेरीची सवय आहे. हे डॉक्टरांना सांगितलेलं नाही."

प्रिय ताई,

सासूबाईंच्या बोलण्यापासून सुरुवात करते, कारण तेच तुम्हाला सगळ्यात जास्त लागलेलं दिसतंय. पुन्हा पुन्हा दहा-दहा किलो उतरवणाऱ्या बाईला तोंड आवरता येत नाही, हे मला पटत नाही. वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं, ऊर्जा जपून खर्च करतं आणि गेलेलं वजन परत मिळवू बघतं. सोबत पीसीओडी आणि शुगर असली की हे जास्तच जड जातं. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, 43 च्या वर येतो. आपल्याकडे बरीच वर्षं 37.5 च्या वर, किंवा शुगरसारखा आजार असेल तर 32.5 च्या वर, ऑपरेशनचा विचार केला जातो, आणि 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी या मर्यादा आणखी खाली आणल्या. सर्जननी सांगितलं त्यात वावगं काही नाही. हल्लीच्या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दलही त्यांना जरूर विचारा. फक्त ती थांबवली की बऱ्याच जणांचं वजन परत वाढतं, तेव्हा किती काळ घ्यावी लागतील आणि महिन्याचा खर्च किती, हे त्याच वेळी विचारून घ्या.

सर्जननी कोणतं ऑपरेशन सुचवलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार चालतात आणि दोन्ही दुर्बिणीतूनच होतात. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी उरते. काढलेला भाग परत बसवता येत नाही. भूक लावणारं संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होतं, म्हणून भूकही कमी होते. बायपासमध्ये जठराची लहान पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. शुगरवर बायपासचा जोर जास्त, पण त्यात जीवनसत्त्वांची कमतरताही जास्त येते. तुमच्या जळजळीचं मला महत्त्वाचं वाटतं, कारण स्लीव्हनंतर ती वाढू शकते. एंडोस्कोपी, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून जठराची तपासणी, झाल्याशिवाय प्रकार ठरवू नका, आणि सर्जनना सरळ विचारा, "माझी जळजळ आणि शुगर बघता तुम्ही हाच प्रकार का निवडलात?"

आता लग्नाच्या तारखेचं. फाल्गुनात ऑपरेशन करू नका, असं मला अगदी मनापासून वाटतं.

ऑपरेशननंतरचे पहिले दोन महिने पाणी घटाघटा पिता येत नाही. घोट-घोट करत दिवसभरात दीड ते दोन लिटर पोटात घालवावं लागतं. आपल्याकडे चैत्र-वैशाखात रावेर-भुसावळचा पारा 44-45 वर असतो. त्या उन्हात धडधाकट माणूस तांब्या तोंडाला लावतो, तुम्हाला औषधाच्या टोपणाएवढा घोट घ्यायचाय. अंगातलं पाणी कमी होऊन परत भरती व्हावं लागणं, हा या ऑपरेशननंतरचा नेहमीचा त्रास आहे आणि आपला उन्हाळा त्याला आमंत्रणच देतो. त्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, मध्येच येते. माहेरी जाल, झोके असतील, खापरावरची पुरणपोळी आणि आमरसाची वाटी पुढे येईल, आणि "खाई ले वं माय, थोडंसं" म्हणणारी आईच असेल. शिवाय घरात लग्न. हळदीपासून पाहुण्यांच्या पंगतीपर्यंत मोठ्या सुनेला कोण बसू देणार आहे? पहिले सहा आठवडे जड उचलायचं नसतं. पाण्याची कळशी नाही, धान्याचं पोतं नाही.

आणि यजमानांना हेही सांगा की केस गळायला लागतात ते साधारण तिसऱ्या महिन्यापासून, म्हणजे ऐन लग्नाच्या सुमारास. ते परत येतात, पण सहा-आठ महिने जातात. लग्नाच्या फोटोसाठी हे ऑपरेशन करणं म्हणजे चुकीच्या कारणासाठी बरोबर गोष्ट चुकीच्या वेळी करणं. पाऊस लागल्यावर, आषाढात करा. लग्न आटोपलेलं असेल, ऊन उतरलेलं असेल, आणि तयारीला चार महिने मिळतील. सर्जननी वैद्यकीय कारणासाठी लवकर करायला सांगितलं, तर मात्र त्यांचंच ऐका.

हे चार महिने वाट बघण्यात घालवायचे नाहीत. मशेरी आजच बंद करायला घ्या. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो, भूल देताना छातीचा धोका वाढतो आणि बायपासच्या जोडावर अल्सर होतो. निदान सहा आठवडे आधी सुटलेली हवी, आणि नंतर कधीच नको. मशेरी दात घासायलाच असते, तिला तंबाखू काय म्हणायचं, असं आपल्याकडे अनेक बायांना वाटतं, म्हणून डॉक्टरांनी विचारलं तरी त्या नाही म्हणतात. तुम्ही मला लिहिलंत तसंच सर्जनना सांगा. सोडवायला गोळ्या आणि समुपदेशन मिळतं.

घोरण्याचंही सांगा. वजन जास्त आणि घोरणं मोठं असेल तर झोपेत श्वास थांबत असण्याची शक्यता असते. त्याची रात्रभराची तपासणी होते आणि गरज पडली तर ऑपरेशनआधी काही आठवडे रात्री मास्कचं मशीन लावतात. बाकी तीन महिन्यांची सरासरी शुगर, थायरॉइड, लोह, बी12, डी जीवनसत्त्व, हृदयाची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी होईलच. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं तर रागावू नका. रडू आल्यावर हात डब्याकडे जातो का, हे आधी कळलेलं बरं.

शेवटचे साधारण दोन आठवडे कमी कॅलरीचा, प्रथिनांवर भर असलेला आहार असतो. हा वजनासाठी कमी आणि यकृतासाठी जास्त असतो. चरबीनं सुजलेलं यकृत जठरावर पसरलेलं असतं. ते आक्रसलं की सर्जनला दुर्बिणीतून जागा मिळते. "एक दिवस बट्टी खाल्ली तर काय होतं" असं या दोन आठवड्यांत म्हणायचं नाही. या काळात शुगरच्या गोळ्या कमी कराव्या लागतात आणि काही गोळ्या ऑपरेशनच्या काही दिवस आधी बंदच करतात, तेव्हा कोणती कधी थांबवायची ते लिहून घ्या.

आता तुमचा मुख्य प्रश्न. लपवायचं का?

गल्लीला, भाऊबंदांना, लग्नाच्या पाहुण्यांना काहीही सांगायची तुमच्यावर सक्ती नाही. तुमचं शरीर, तुमचा आजार. "पोटाचं ऑपरेशन झालंय, पथ्य आहे," एवढं पुरे, आणि ते खरंही आहे. पण पित्ताशय काढलं असं सांगू नका. भराभर वजन उतरताना पित्ताचे खडे होण्याची शक्यता खरोखरच वाढते. म्हणून बरेच सर्जन पहिले सहा महिने खडे टाळायची गोळी देतात. उद्या समजा सातव्या महिन्यात रात्री उजव्या बरगडीखाली कळ आली, यजमान शेतावर आहेत, आणि सासूबाईंनी तुम्हाला दवाखान्यात नेलं. त्या डॉक्टरांना काय सांगतील? "पित्ताशय तर हिचं मागेच काढलंय." डॉक्टर नेमका ज्या जागेचा संशय घ्यायला हवा, ती जागा सोडून इतरत्र शोधत बसतील.

डॉक्टरांपासून लपवणं तर अजिबातच चालणार नाही, अगदी गावातल्या सर्दी-तापाच्या डॉक्टरांपासूनही. अंग दुखलं की आपल्याकडे वेदनाशामक गोळी सहज मिळते. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी बायपासनंतर अल्सर होतो, स्लीव्हनंतरही जपूनच घ्याव्या लागतात. दुसरी गोष्ट उलट्यांची. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस सारख्या उलट्या झाल्या तर शरीरातलं बी1 जीवनसत्त्व संपत येतं. अशा वेळी बी1 न देता नुसतं ग्लुकोजचं सलाइन चढवलं, तर मेंदूला इजा होऊ शकते. डोळ्यांना दोन-दोन दिसणं, तोल जाणं, विसरणं सुरू होतं आणि ते कायमचंही राहू शकतं. आपल्याकडे "अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा" हे किती सहज होतं, ते तुम्हाला सांगायला नको. ऑपरेशनचं नाव, तारीख, सर्जनचा नंबर, "उलट्या असतील तर ग्लुकोजच्या आधी बी1 द्या" आणि टाळायच्या गोळ्यांची नावं एका कार्डावर सर्जनकडून लिहून घ्या. कार्ड पर्समध्ये ठेवा, फोटो यजमानांच्या मोबाइलमध्ये.

आणि सासूबाई. घरात ताट त्या वाढतात. आषाढात ऑपरेशन झालं की महिन्याभरात श्रावण येतो. कानबाई देवी बसतील, तिच्या प्रसादाचे रोट होतील, श्रावणी सोमवार येतील. तुम्ही खडे काढले म्हणालात, तर पंधरा दिवसांनी त्या म्हणतीलच, आता बरी आहेस ना, मग जेव की नीट. खरं कारण माहीत नसेल तर तुमचं न खाणं त्यांना नखरा वाटेल, नाहीतर अपमान. रोज तीन वेळा हा ताण घेऊन तुम्ही सहा महिने काढू शकणार नाही. म्हणून आहारतज्ज्ञांकडे पहिल्यांदा जाल तेव्हा त्यांनाही सोबत न्या. सुनेनं सांगितलेलं आणि डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलेलं यात फरक पडतो, हे मी जळगावात माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी घरांत पाहिलंय. त्यांना एक कामही द्या. वरणाची घोटणी त्यांच्या हातात असू द्या.

कारण पहिले दोन महिने सगळा खेळ घोटण्याचाच असतो. जन्मभर पातळ प्यायचं नसतं, ताई. पहिले साधारण दोन आठवडे पातळ: गाळलेलं मुगाचं पाणी, पातळ ताक, साय काढलेलं दूध, सूप, प्रोटीन पावडर. मग दोनेक आठवडे घोटलेलं: मुगाचं घट्ट वरण, दही, कुस्करलेलं पनीर, मऊ शिजवून वाटलेली भाजी. मग मऊ अन्न, आणि सहा ते आठ आठवड्यांनी हळूहळू घरचं जेवण. नेमके दिवस तुमच्या हॉस्पिटलच्या तक्त्याप्रमाणेच पाळा.

पहिल्यांदा जेवायला बसाल तेव्हा लहान वाटी आणि चहाचा चमचा घ्या. अर्धा चमचा वरण तोंडात, पाणी होईपर्यंत चघळायचं, गिळायचं, चमचा खाली ठेवायचा. मिनिटभर थांबून दुसरा घास. वीस-तीस मिनिटांत जेमतेम अर्धी वाटी जाईल. छातीच्या मध्यभागी दाटल्यासारखं झालं, उचकी लागली किंवा नाकातून पाणी आलं की पोट भरलं. त्यानंतर एक घास जास्त घेतला तर तो वरच येतो. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. ही सवय ऑपरेशनआधीच लावा, आत्तापासून. जेवताना तांब्या शेजारी न ठेवणं हेच बायकांना सगळ्यात कठीण जातं.

ताटात आधी प्रथिनं. दिवसाला किमान 60 ग्रॅम लागतात. दोन अंडी म्हणजे 12 ग्रॅम, पेलाभर दूध 6-7, 50 ग्रॅम पनीर साधारण 9, वाटीभर घट्ट वरण 6-7. एवढं सगळं खाल्लं तरी 35 च्या आसपासच होतात, आणि सुरुवातीला एवढं मावतच नाही. म्हणून पावडर. ती जिमवाल्या पोरांची असते म्हणून लाजू नका.

आपलं जेवण यात छान बसतं. कळण्याच्या भाकरीत उडीद असतो, म्हणून नुसत्या ज्वारीपेक्षा ती उजवी; दोन महिन्यांनी वरणात भिजवून चतकोर घ्या. फौजदारी डाळ चालेल, तिखट आणि वरची तर्री काढून. भरीत मऊ असतं, पण तेल मोजून आणि मिरची नावालाच. शेवभाजी मात्र बरेच महिने नको. शेवही तळलेली आणि रस्साही तिखट. आमरस, पुरणपोळी, गूळ घातलेलं काहीही बायपासनंतर भराभर आतड्यात उतरलं की घाम, धडधड, चक्कर, जुलाब असा अर्धा तास जातो, आणि स्लीव्हवाल्यांना वजन परत चढवायला तेच पुरतं. रोटाचा प्रसाद नखाएवढा, दुधात कुस्करून. उपवास निदान पहिलं वर्ष करू नका. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. केळी घरची आहेत म्हणून येता-जाता खायची नाहीत. वरण, अंडं पोटात गेल्यावर जागा उरली तर अर्धं.

गोळ्या जन्मभर. मल्टिव्हिटॅमिन, लोह, कॅल्शियम, डी, बी12. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर, लोहाच्या गोळीवर चहा नाही. वर्षातून एकदा तरी रक्ततपासणी, पहिल्या वर्षी तीन-चार वेळा. दोन वर्षांनी "आता काय, मी बरी आहे" म्हणून गोळ्या सोडणाऱ्या बाया मी बघितल्यात. हात-पाय मुंग्यांनी सुन्न झाल्यावर परत येतात.

शुगरचं सांगते, कारण ते लवकर घडतं. ऑपरेशननंतर थोड्याच दिवसांत शुगर उतरायला लागते. जुन्याच डोसच्या गोळ्या घेत राहिलात तर ती फार खाली जाऊन चक्कर येईल. घरी ग्लुकोमीटर ठेवा आणि घरी सोडतानाच नवा डोस लिहून घ्या.

वजन किती उतरेल? वर्ष-दीड वर्षात तुमच्या 104 पैकी साधारण 25 ते 30 किलो धरा. त्यानंतर ते थांबतं आणि पुढच्या वर्षांत थोडं परत येतं, हे बहुतेकांचं होतं. कातडी सैल पडेल, पोटावर आणि दंडावर जास्त. कधी मन उदास होईल, कारण आनंद झाला की खायचं, दुःख झालं की खायचं, ही वाटच बंद झालेली असते. तेव्हा बोला, मनात ठेवू नका.

दुसऱ्या मुलाची आशा जरूर ठेवा. वजन उतरल्यावर पीसीओडीत पाळी नियमित होते आणि दिवस जाण्याची शक्यता वाढते. अडचण अशी की ती लवकरच वाढते, आणि पहिले 12 ते 18 महिने गर्भधारणा टाळायची असते, कारण तेव्हा तुमच्याच शरीराला पुरत नाही, तर बाळाला कुठून पुरणार? गर्भनिरोधक गोळ्या बायपासनंतर नीट शोषल्या जातील याची खात्री नसते. ऑपरेशनच्या आधीच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन तांबी किंवा दुसरा उपाय ठरवा.

खर्चाचं यजमानांना बघू द्या. आरोग्य विमा असेल तर पॉलिसीत लठ्ठपणाच्या ऑपरेशनचं कलम काढून वाचायला सांगा. विमा नियामकाच्या प्रमाणित अटींप्रमाणे बीएमआय 40 च्या वर असेल, किंवा 35 च्या वर आणि सोबत आटोक्यात नसलेली शुगर किंवा झोपेत श्वास थांबण्याचा गंभीर आजार असेल आणि इतर उपाय करून झाले असतील, तर हे ऑपरेशन विम्यात बसू शकतं. तुमचा बीएमआय 40 च्या वरच आहे. फक्त नव्या पॉलिसीला वाट बघण्याची मुदत असते, ती तपासा. आजवरच्या डाएटच्या चिठ्ठ्या आणि शुगरचे कागद एका फाइलीत लावा, त्यांची गरज पडते.

ऑपरेशन नाशिकला होणार आणि घर रावेर तालुक्यात, म्हणून हे शेवटचं, पण यजमानांना आणि सासूबाईंना दोघांनाही वाचून दाखवा. हॉस्पिटलातून दोन-तीन दिवसांत सोडतात. सोडल्यावर लगेच घर गाठू नका, जमलं तर पहिला आठवडा नाशिकमध्ये नातेवाइकांकडे राहा. घरी येताना गाडीत दर तासाला उठून चाला, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. पहिल्या महिन्यात ताप, बसल्या जागी नाडी 120 च्या वर, पोटात किंवा खांद्यात वाढती कळ, धाप, एका पोटरीला सूज, पाण्याचा घोटही न टिकणं, काळी शौच, यांतलं एकही दिसलं तर "सकाळी बघू" म्हणायचं नाही. जोड गळत असेल तर तासातासाला धोका वाढतो. सर्जनला फोन लावा. भुसावळ किंवा जळगावच्या मोठ्या हॉस्पिटलात थांबायचं की थेट नाशिकला यायचं, ते त्यांना ठरवू द्या, आणि गाडीवाल्याचा नंबर आधीच ठरवून ठेवा.